इतवारीपासून शुक्रवारीपर्यंत : रेव्हरंड हिस्लॉप यांचा आठवडा

नागपूर शहराची एक गंमत परगावच्या पाहुण्यास मुद्दाम सांगावी लागते. आमच्या येथे आठवड्याचे वार केवळ पंचांगात राहत नाहीत; ते वस्त्यांतही राहतात. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी अशी पेठांची नावे आम्ही रोज घेतो आणि जन्मलेल्या नागपूरकरास त्यात काही विशेष वाटत नाही. शहराचा आठवडा असा रस्त्यावर मांडलेला असताना, या रस्त्यांवरून अठरा वर्षे चाललेल्या एका परदेशी माणसाचा आठवडा कसा जात असेल, हा प्रश्न आम्हांस सुचला. त्या माणसाचे नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप.

हिस्लॉप हे नाव नागपुरात कोणास नवे नाही. त्या नावाचे महाविद्यालय 1883 साली निघाले आणि आजही चालू आहे. त्याच्या दारावरून रोज शेकडो लोक जातात. पण नाव जितके तोंडी बसते तितका त्यामागचा मनुष्य दूर जातो, असा अनुभव आहे. कोणी म्हणतात ते मोठे शिक्षणप्रेमी होते. कोणी म्हणतात ते बाटवावयास आलेले पाद्री होते. भूगर्भशास्त्राचे अभ्यासक म्हणतात ते आमच्या शास्त्राचे या प्रांतातील आद्य पुरुष. तिघेही खरे बोलतात. अडचण एवढीच की तिघे एकमेकांशी बोलत नाहीत. आज आपण या तिघांना एका आठवड्यात एकत्र बसवून पाहू. वारांची वाटणी आम्ही सोयीसाठी केली आहे. कामे मात्र त्यांनी खरोखर केलेली आहेत.

प्रथम मनुष्य येथे आला कसा ते पाहिले पाहिजे. हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळील डन्स या गावी झाला. ते पंचविशीत असताना त्यांच्या देशात धर्मकारणाचा मोठा भूकंप झाला. मंडळीने आपला पाद्री निवडावा की जमीनदाराने तो नेमावा, या वादातून 1843 साली साडेचारशेहून अधिक पाद्री सरकारमान्य चर्चमधून उठून बाहेर पडले. घर गेले, पगार गेला, प्रार्थनेची इमारतही गेली. या बाहेर पडलेल्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. हिस्लॉप त्या पंथाचे. राजसत्तेने धर्मात हात घालू नये आणि माणसाच्या मनावर त्याच्या विवेकाखेरीज कोणाची मालकी नसावी, हे तत्त्व घेऊनच ते घरातून निघाले. पुढे नागपुरात या तत्त्वाची कसोटी लागली, म्हणून ते लक्षात ठेवावे.

1844 च्या अखेरीस हिस्लॉप आणि त्यांच्या नवपरिणीत पत्नी एरास्मा मुंबईस उतरली आणि फेब्रुवारी 1845 मध्ये नागपुरास पोहोचली. आगगाडी नागपुरास आली ती 1867 साली, म्हणजे हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. तेव्हा हा प्रवास घाट, नद्या आणि काळ्या मातीचे रस्ते तुडवीतच व्हावयाचा. गादीवर तिसरे रघूजी भोसले होते, सीताबर्डीस इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि कामठीस मद्रासी फौजेची छावणी होती. एका शहरात तीन जग होती, आणि हिस्लॉप यांना तिन्हींत वावरावयाचे होते.

रविवार हा पाद्र्याचा हक्काचा दिवस. विश्रांतीचा मात्र नव्हे. सीताबर्डीचे इंग्रज आणि कामठीचे सोल्जर यांच्यापैकी जे स्कॉटिश पंथाचे होते, त्यांच्यासाठी इंग्रजीतून उपासना चालवावयाची. कामठी नागपुरापासून चार-साडेचार कोस. तेथे मद्रासी पलटणींबरोबर आलेली तेलुगू व तमिळ कुटुंबे; नागपुरात मराठी व हिंदी; दरबारात आणखी निराळी अदब. हिस्लॉप मराठी शिकले, आणि नुसती पुस्तकी नव्हे तर बाजारात उभे राहून बोलता येईल अशी शिकले. आम्हांपैकी ज्यांनी पोटासाठी दुसऱ्या प्रांताची भाषा तिशीच्या उंबरठ्यावर शिकली असेल, त्यांना या एका वाक्यामागचे कष्ट कळतील.

सोमवारी शाळा. खरे म्हणजे सोमवार ते शुक्रवार शाळाच. पाद्र्याच्या आठवड्याचा मोठा हिस्सा शिकविण्यातच खर्ची पडे. 1846 साली हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा काढली. कलकत्त्यास अलेक्झांडर डफ यांनी 1830 साली जो मार्ग घालून दिला होता, तोच हा मार्ग: इंग्रजी, गणित, भूगोल यांबरोबर रोज बायबल. त्या शाळेत एक अलिखित सौदा होता. मुलाने इंग्रजी शिकावे आणि पुढे चार पैसे मिळवावेत, अशी पालकाची इच्छा. मुलाने बायबल ऐकावे आणि पुढे विचार करावा, अशी शिक्षकाची इच्छा. दोघांस एकमेकांचा हेतू ठाऊक होता. पालक मनात म्हणे, ऐकले म्हणून काय बिघडते? शिक्षक मनात म्हणे, ऐकू तर द्या! असा सौदा वर्षानुवर्षे बिनबोभाट चाले, पण ज्या दिवशी एखादा मुलगा खरोखरच विचार करू लागे त्या दिवशी तो मोडे.

तसा दिवस 1848 साली उगवला. बाबा पांडुरंग नावाच्या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती होण्याची इच्छा दाखविली आणि मिशनचा आसरा घेतला. शहरात एकच गहजब उडाला. दरबाराने आपला प्रजाजन परत मागितला. रेसिडेंटाने तहावर बोट ठेवले आणि त्या तरुणास दरबाराच्या हवाली केले. तेथे त्यास अटकेत ठेवण्यात आले. हिस्लॉप यांनी या गोष्टीविरुद्ध वरपर्यंत दाद मागितली.

या प्रसंगाकडे आम्ही दोन्ही बाजूंनी पाहावे असे वाटते. घरचा मुलगा जातो म्हणजे त्या काळच्या आईबापांचे काय जात असे? श्राद्धाचा अधिकार, पंक्तीतील पान, मुलीच्या लग्नाची बोलणी, सारे एका दिवसात जाई. त्यांच्या संतापास हलके लेखण्याचे कारण नाही. शाळेत पाठविलेला मुलगा शाळेने ठेवून घेतला, असेच त्यांना दिसले. दुसऱ्या बाजूस, ज्या मनुष्याच्या गुरुजनांनी पाच वर्षांपूर्वी विवेकासाठी घरदार सोडले होते, त्यास एका तरुणाचा विवेक कोठडीत घातलेला पाहवणे शक्य नव्हते. आणि तिसरी गोष्ट विसरता कामा नये. त्या तरुणास परत देणारा अधिकारी इंग्रजच होता. पाद्री आणि सरकार हे एकाच पोत्यातले धान्य, असे आम्ही सहज म्हणून टाकतो. नागपुरात निदान त्या वर्षी ते तसे नव्हते.

मंगळवारची गोष्ट राज्याची. 11 डिसेंबर 1853 रोजी रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने 1854 साली राज्य खालसा केले. राजवाड्यातील हत्तीघोडे लिलावात गेले, जडजवाहीर कलकत्त्यास विकावयास निघाले. त्याची सल या शहरात पिढ्यानपिढ्या राहिली. खालसा होण्याचे दुःख जसे पेठांना झाले तसे पाद्र्यांस झाले असेल, असे आम्ही म्हणणार नाही. इंग्रजी राज्य हे त्यांच्या दृष्टीने सुधारणेचे राज्य होते. पण नव्या अंमलात गैरकारभार दिसू लागला तेव्हा हिस्लॉप गप्प बसले नाहीत. त्यांनी वृत्तपत्रांतून त्यावर टीका केली. 1861 साली नागपूर आणि सागर-नर्मदा मुलूख मिळून मध्यप्रांत बनला आणि 1862 साली रिचर्ड टेंपल येथे कमिशनर म्हणून आले. त्या बदलामागे या लेखनाचाही हात होता असे त्यांच्या चरित्रकाराचे मत आहे. चरित्रकार भक्त असतात, तेव्हा त्यातले थोडे कमी करून घ्यावे. तरी आपल्याच जातभाईंच्या राज्याची चूक छापून दाखविणारा मनुष्य त्या काळी सीताबर्डीवर दुर्मीळच म्हणावयाचा.

बुधवारचे संध्याकाळचे फिरणे आम्हांस सर्वांत आवडते. शाळा सुटली, ऊन कलले, की हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर फिरावयास निघत. हंटर 1847 साली येथे आले आणि आठ वर्षे राहिले. पुढे स्वदेशी जाऊन त्यांनी एक मोठा ज्ञानकोशवजा इंग्रजी शब्दकोश सिद्ध केला. असेच हिंडत असताना 1851 साली शहराच्या वायव्येस टाकळीजवळ त्यांना दगडात गोगलगाईचे शंख दिसले. बसाल्टाच्या दोन थरांमध्ये सापडलेला मातीचा एक पातळ थर, आणि त्यात गोड्या पाण्यातील शंख! म्हणजे तप्त शिलारसाचा एक लोट येऊन थंडावला, त्यावर तळी साचली, तळ्यांत जीव नांदले, झाडे वाढली, आणि मग दुसरा लोट आला. सारा दख्खन ज्या काळ्या दगडावर उभा आहे तो एका दमात झाला नाही, मध्ये मध्ये त्याने विसावा घेतला, याची साक्ष त्या शंखांत होती.

या साक्षीचा अगदी पहिला मान हिस्लॉप यांचा नव्हे. माल्कमसन यांनी 1837 साली दख्खनी दगडाच्या पूर्वभागातील अशा शंखांविषयी लिहिले होते. पण टाकळीनंतर हिस्लॉप आणि हंटर यांनी जो नेट धरला तो कोणी धरला नव्हता. शंख मिळाले, पाठोपाठ फळे, बिया, लाकूड मिळाले, किडे मिळाले. त्या किड्यांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी 1860 साली प्रसिद्ध केले. 1855 साली नागपूरच्या आसपासच्या भूरचनेवरील दोघांचा निबंध लंडनच्या भूशास्त्र-मंडळाच्या त्रैमासिकात छापला गेला. कामठी आणि सिलेवाडा येथील वालुकाश्मात त्यांना पानांचे ठसे मिळाले. त्यांतील ग्लॉसोप्टेरिस नावाचे जिभेच्या आकाराचे पान पुढे जगप्रसिद्ध झाले; कारण तेच पान आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका येथेही सापडले आणि हे सर्व खंड एके काळी जोडलेले होते, या सिद्धांतास त्याने बळ दिले. कामठीच्या खाणीतून इमारतीचा दगड काढणाऱ्या पाथरवटाच्या छिन्नीखाली असे पान येऊन जात असेल, आणि त्याचे मोल कोणास ठाऊक नसेल.

चांदा जिल्ह्यातील मांगलीच्या दगडात एका प्राचीन जलस्थलचर प्राण्याची कवटी मिळाली. ती विलायतेस गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी 1855 साली तिचे वर्णन करून ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. हे ओवेन म्हणजे ज्यांनी 1842 साली ‘डायनोसॉर’ हा शब्द घडविला तेच. त्याच जिल्ह्यातील पिसदुऱ्याची प्रचंड हाडेही हिस्लॉप यांनी नोंदविली. पिसदुरा हे गाव आज डायनोसॉरच्या अवशेषांसाठी भूशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे. टाकळीच्या थराचे वय आता सुमारे साडेसहा कोटी वर्षे धरतात, म्हणजे डायनोसॉर या पृथ्वीवरून नाहीसे होण्याच्या सुमाराचा तो काळ. आपण ज्या शहरात भाजी घेतो, सायकली चालवितो, त्याच्या पायाखाली असा काळ निजलेला आहे हे आम्हांस या पाद्र्याने दाखविले. त्यांच्या नावाने एका हिरवट खनिजास ‘हिस्लोपाइट’ म्हटले गेले आणि गोड्या पाण्यातील एका चिमुकल्या प्राणिवंशास ‘हिस्लोपिया’. मित्राचेही नाव मागे राहिले नाही. दुसऱ्या एका खनिजास ‘हंटराइट’ नाव मिळाले. दोन्ही खनिजे स्वतंत्र म्हणून आज मानली जात नाहीत, परंतु मैत्रीची नोंद झाली ती झालीच.

याच टाकळीचे आणखी एक स्मरण आहे. 1857 साली घोडदळाच्या छावण्या तेथे होत्या आणि 13 जूनच्या रात्री तेथूनच उठाव व्हावयाचा होता. बेत फुटला. भोसल्यांच्या घरातील वृद्ध बांकाबाईंनी आपले वजन शांततेच्या बाजूने टाकले आणि पुढाऱ्यांना फाशी झाली. एका मुसलमान परिचिताने हिस्लॉप यांस आगाऊ सावध केले होते, असे चरित्रकार लिहितात. जे फासावर गेले त्यांना आमचा नमस्कारच आहे. पण अशा रात्री कोणास एका पाद्र्याची काळजी वाटावी, यातून त्या माणसाने पेठांत काय जोडले होते तेही दिसते.

गुरुवार गोंडांचा. हिवाळ्यात, दौऱ्याच्या दिवसांत, आणि एरवीही मोहल्ल्यांत येणाऱ्या गोंडांना भेटून हिस्लॉप त्यांची माहिती टिपून ठेवीत. नागपूर हे मुळात गोंड राजांचे शहर. देवगडच्या बख्त बुलंदाने ते वसविले. भोसले त्यानंतर आले आणि इंग्रज त्याहून नंतर. तरी शहरातील शहाणीसुरती माणसे गोंडांकडे पाहत ती केवळ लाकूडफाटा आणि मध घेण्यापुरती. हिस्लॉप यांनी त्यांच्या ‘साडेबारा’ जाती कोणत्या ते विचारले, त्यांच्या देवांची नावे लिहिली, शब्दांचे तक्ते तयार केले. गोंडी ही तेलुगू-तमिळच्या कुळातील भाषा, तर मेळघाटातील कोरकूंची बोली अगदी वेगळ्या कुळातील, हे आज शाळेतील मुलांसही सांगता येते. त्या काळी ते शब्दाला शब्द लावूनच उमजावयाचे होते.

त्यांच्या कागदांत सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे लिंगोचे गीत. गोंडांचे गाणारे जे प्रधान, त्यांच्या तोंडून ते उतरविलेले आहे. गोंड जन्मले कसे, महादेवाने त्यांना गुहेत कोंडले कसे, लिंगोने त्यांना सोडविले कसे, शेती, कुळे, लग्ने आणि देव त्याने त्यांना कसे लावून दिले, अशी ती दीर्घ कथा आहे. आम्ही येथे थोडे थांबतो. एका पुस्तकावर श्रद्धा ठेवून, ते एकच पुस्तक जगास सांगण्यासाठी समुद्र ओलांडून आलेला हा मनुष्य. त्याने दुसऱ्या लोकांची उत्पत्तिकथा, त्यांच्याच भाषेत, शेकडो ओळी, धीराने लिहून घेतली. ती आपल्या धर्मपुस्तकाशी जुळत नाही म्हणून टाकून दिली नाही. शहराच्या वेशीबाहेर असलेले हे काव्य आमच्या पंडितांपैकी कोणी का उतरविले नाही, हा प्रश्न मनास बोचल्यावाचून राहत नाही, आणि तो बोचावा.

आता शुक्रवार. हा वार मात्र आम्ही सोयीसाठी लावलेला नाही. 4 सप्टेंबर 1863, शुक्रवार. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे प्राचीन शिलावर्तुळे आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडून त्यांच्या पोटात मृतांबरोबर वस्तू पुरलेल्या. ती पाहावयास टेंपल गेले होते आणि हिस्लॉप बरोबर होते. दिवसभर दगड, माती, खापरे पाहून झाल्यावर साहेबमंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली. हिस्लॉप मात्र गावच्या शाळेची परीक्षा घेण्यासाठी मागे राहिले. आठवडाभर ज्या कामाची सवय, तेच काम. अंधार पडल्यावर ते घोड्यावरून एकटे निघाले. वाटेतला नाला सकाळी सहज ओलांडता येण्याजोगा होता. तो दरम्यान फुगला होता. रात्री मुक्कामावर घोडा एकटाच आला. मशाली घेऊन माणसे धावली आणि त्यांना हिस्लॉप यांचा देह पाण्यात मिळाला. सेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते.

भाद्रपदाच्या सुमारास विदर्भातील नाले कसे फसवे असतात हे आम्हांस सांगावयास नको. दर पावसाळ्यात एखादा मास्तर, एखादा टपालवाला, एखादी माहेरी निघालेली लेक अशीच जाते. अठरा वर्षांत हा मनुष्य येथील मातीचा इतका झाला की त्याचे मरणही येथल्याच माणसासारखे झाले.

त्यांच्या मागे टेंपल यांनी त्यांचे कागद गोळा केले आणि 1866 साली मध्यप्रांतातील आदिवासींविषयीचे ते टिपण, लिंगोच्या गीतासह, छापून काढले. टाकळघाट-खापा येथे पुढे शंभर वर्षांनी नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. विदर्भातील या शिलावर्तुळांत लोखंडाची हत्यारे आणि घोड्यांचा साज मिळाला, आणि ती माणसे इसवी सनापूर्वीच्या सहस्रकातील ठरली. हिस्लॉप यांना शेवटच्या दिवशी जे कोडे पडले होते, ते अशा रीतीने थोडेफार सुटले.

मग हिशेब काय निघतो? ज्यासाठी ते आले, ते धर्मांतराचे काम पाहिले तर अठरा वर्षांत फार थोडी माणसे त्यांच्या मंडळीत आली. त्या कामाविषयी आमच्या वाडवडिलांचा जो आक्षेप होता, तो आम्ही आज उगाच मोठेपणा दाखविण्यासाठी मागे घेत नाही. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचा देव खोटा म्हणणे हे कोणालाही रुचणार नाही. पण त्याच माणसाने आमच्या दगडाकडे, आमच्या वनवासी शेजाऱ्याकडे आणि आमच्या मुलांकडे जितके लक्ष दिले, तितके त्या वेळी आम्ही स्वतः देत नव्हतो, हेही हिशेबात मांडले पाहिजे. आक्षेपाने ऋण फिटत नाही आणि ऋणाने आक्षेप खोटा ठरत नाही. दोन्ही रकमा वहीत वेगवेगळ्या लिहाव्यात, हाच प्रामाणिकपणा.

ते ऋण फेडण्याचा एक मार्ग आम्हांस दिसतो. तो पुतळ्याचा नव्हे. एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन शहराबाहेर जावे, काळ्या दगडाच्या पोटातला पांढरट थर त्यांना दाखवावा, आणि वाटेत एखादा म्हातारा गोंड भेटला तर त्याला लिंगोची गोष्ट विचारावी. आणि तो सांगू लागला, तर ती पुरती होईपर्यंत ऐकावी.